न दिसलेल्या क्षयाचा हिशेब

भंडारा जिल्ह्याला जमिनीखाली उतरणारी माणसे नवी नाहीत. तुमसर तालुक्यात चिखल्याला मँगनीजसाठी भुयारी खाण आहे, डोंगरी बुजुर्गला तेच खनिज उघड्या खाणीतून निघते, आणि या धातूवर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. खाली काहीतरी मोलाचे आहे आणि ते वर आणायचे आहे, असा खाणीत उतरण्याचा सरळ हेतू. ज्या संशोधनाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे, त्यातली माणसेही खाणीत उतरली, पण त्यांना खालचे काही वर आणायचे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत जाऊ लागले ते तिथल्या शांततेसाठी. आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून तयार झालेले म्यूऑन नावाचे कण आपल्या तळहातातून जवळजवळ दर सेकंदाला एक या गतीने आरपार जात असतात. दोन-अडीच किलोमीटर खडकाखाली हा मारा जवळपास थांबतो. एरवी गोंगाटात हरवून जाईल अशी एखादी विरळा घटना ऐकू यायची असेल, तर ती अशाच जागी.

ही विरळा घटना म्हणजे एखाद्या कणाचा दुर्मीळ क्षय: कण आपोआप मोडून दुसऱ्या कणांत रूपांतरित होणे, आणि तेही अब्जातून एखादा, किंवा त्याहूनही अविश्वसनीय प्रमाणात. माझे म्हणणे असे की निसर्गाचे अजून अज्ञात असलेले नियम शोधण्याचा हा मार्ग मोठ्या यंत्रांच्या मार्गाइतकाच भक्कम आहे, आणि त्याचे बळ एका गोष्टीत आहे. इथे घटना दिसली तर ती मोजता येते, आणि दिसली नाही तर तिचे न दिसणेही तितक्याच काटेकोरपणे मोजता येते. दुसऱ्या प्रकारच्या मोजणीला आपण ज्ञान मानायला तयार नसतो. अपयश म्हणून तिची बोळवण होते. कोलारचा प्रयोग हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण.

त्याआधी गेज सिद्धांताशी थोडी ओळख हवी, कारण कोणता क्षय शक्य आणि कोणता अशक्य हे त्याच्याच चौकटीत ठरते. समजा, वैनगंगेच्या काठच्या प्रत्येक गावाने धान मोजायची स्वतःची पायली ठेवली आहे. कोणाची पायली मोठी, कोणाची लहान. धानाचे प्रमाण त्यामुळे बदलत नाही, बदलतो तो फक्त आकडा. मात्र एका गावचा हिशेब दुसऱ्या गावी न्यायचा तर दोन्ही पायल्यांचा मेळ घालणारी नोंद लागते, आणि अशी नोंद प्रत्येक शेजारच्या जोडीसाठी लागते. आता धानाचा एक हिशेब घेऊन चार गावे फिरावे, प्रत्येक ठिकाणी नोंदीप्रमाणे आकडा बदलावा आणि सुरुवातीच्या गावी परतावे. सुरुवातीचाच आकडा हाती आला तर या नोंदी म्हणजे निव्वळ सोय. पण फेरा पूर्ण झाल्यावर आकडा वेगळा निघाला, तर कोणत्याही गावाने पायली बदलून तो फरक पुसता येत नाही. तो फरक खरा आहे, आणि भौतिकशास्त्रात त्यालाच बल म्हणतात.

पायलीच्या जागी आता इलेक्ट्रॉनची लहर घ्या. तिला एक कला, म्हणजे चढ-उतारातली जागा, असते, आणि तिचे शून्य कुठे धरायचे हे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी स्वतंत्रपणे ठरवायची मुभा असावी, एवढीच मागणी केली की ठिकाणाठिकाणांमधल्या नोंदी अपरिहार्य होतात. आणि त्या नोंदी म्हणजेच विद्युतचुंबकीय क्षेत्र. हरमान वाइल यांनी १९१८ मध्ये या विचाराला पहिले रूप दिले. १९५४ मध्ये यांग आणि मिल्स यांनी तो अधिक गुंतागुंतीच्या सममितींपर्यंत नेला. आज आपल्याला माहीत असलेल्या बलांपैकी विद्युतचुंबकीय, दुर्बळ आणि प्रबळ ही तिन्ही याच धाटणीच्या, म्हणजे गेज, सिद्धांतांनी सांगितली जातात. एका मागणीतून इतके काही निघावे याचे मला आजही अप्रूप वाटते. पण अप्रूप म्हणजे पुरावा नव्हे. हा सिद्धांत अपुरा आहे हेही उघड आहे: कृष्णद्रव्य म्हणजे काय, न्यूट्रिनो या जवळजवळ कशाशीच न टकरणाऱ्या कणांना वस्तुमान का, विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य जवळजवळ संपले ते कसे, यांची उत्तरे त्यात नाहीत. म्हणजे चौकटीबाहेर काहीतरी आहे. ते शोधायचे कुठे?

सरळ उपाय म्हणजे अधिकाधिक ऊर्जेने कण एकमेकांवर आपटून जड कण निर्माण करणे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतले महायंत्र हेच करते. पण जड कण प्रत्यक्ष निर्माण न होताही आपली सावली टाकतो, आणि ती सावली हलक्या कणांच्या क्षयात पडते. बीटा क्षयाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकत न्यूट्रॉनचा प्रोटॉन होण्याचा, सिद्धांत फर्मी यांनी १९३४ च्या सुमारास मांडला. न्यूट्रॉनच्या क्षयात बाहेर पडणारी ऊर्जा जेमतेम आणि त्यामागे असलेला डब्ल्यू कण त्या ऊर्जेच्या सुमारे एक लाख पट जड. तो सर्नमध्ये प्रत्यक्ष हाती लागला १९८३ मध्ये, पण त्याची करणी प्रयोगशाळेत त्याच्या कितीतरी आधीपासून मोजली जात होती. मध्यस्थ जितका जड तितका क्षय विरळ, आणि हा संबंध फार तीव्र आहे: वस्तुमान दहापट झाले तर क्षयाचा वेग दहा हजारांशावर उतरतो. म्हणूनच क्षय किती विरळ हे कळले की पडद्यामागचा कण किती जड याचा अंदाज बांधता येतो.

न दिसण्याने काय साधते याचा सर्वांत देखणा दाखला केऑन या कणाचा. विद्युतभारित केऑन मोडतो तेव्हा शंभरातून सुमारे ६३ वेळा म्यूऑन आणि न्यूट्रिनो निघतात. उदासीन केऑनानेही याच तऱ्हेने दोन म्यूऑनांत मोडायला हरकत नव्हती, पण तसे होताना दिसेना. पुढे मोजले गेले तेव्हा हे प्रमाण अब्जातून सुमारे सात निघाले. इतकी मोठी तफावत अपघाताने पडत नाही. ग्लॅशो, इलिओपूलोस आणि मायानी यांनी १९७० मध्ये दाखवले की अजून न सापडलेला चौथा क्वार्क, म्हणजे द्रव्याचा एक मूलभूत घटक, मानला तर त्याचा वाटा आधीच्या वाट्याला जवळजवळ पूर्ण खोडून काढतो. हा ‘चार्म’ क्वार्क नोव्हेंबर १९७४ मध्ये सापडला. एका क्षयाच्या अनुपस्थितीने द्रव्याच्या एका नव्या घटकाची वर्दी चार वर्षे आधी दिली होती.

आता प्रोटॉनकडे येऊ. प्रोटॉन कधी मोडत नाही असेच सर्वांनी धरले होते, आणि त्याला आधारही होता. भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस गोल्डहाबर यांनी दाखवलेला हिशेब असा: माणसाच्या शरीरात एकावर २८ शून्ये या घरात प्रोटॉन आहेत. त्यांचे सरासरी आयुष्य एकावर १६ शून्ये इतकी वर्षे असते तर दर सेकंदाला हजारो प्रोटॉन शरीरात फुटले असते आणि त्या किरणोत्साराने आपण जगलोच नसतो. आपण जिवंत आहोत हाच प्रोटॉनच्या दीर्घायुष्याचा पहिला प्रायोगिक पुरावा. पण दीर्घायुषी म्हणजे अमर नव्हे. ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी १९७३ मध्ये क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांना एकाच गेज सममितीत बसवले, आणि त्यातून प्रोटॉनचा क्षय शक्य ठरला. १९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी तिन्ही बले एकत्र आणणारा एसयू-५ हा सिद्धांत मांडला. त्याच्या सर्वांत साध्या रूपाप्रमाणे प्रोटॉनचे आयुष्य फार तर एकावर ३१ शून्ये एवढी वर्षे असायला हवे होते. या क्षयाला जबाबदार असलेला कण सर्नच्या महायंत्राच्या ऊर्जेच्या काही हजार कोटी पट जड. तो घडवू शकेल असे यंत्र पृथ्वीवर बांधता येणार नाही. त्याला गाठायचे तर क्षयाची वाट पाहणे हाच मार्ग उरतो.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, म्हणजे अकरा आकडी संख्या. मग एकतीस शून्यांची वाट कोण पाहणार? वाट पाहायची नसते, प्रोटॉनांची गर्दी जमवायची असते. एका प्रोटॉनकडे एकावर ३१ शून्ये इतकी वर्षे पाहण्याऐवजी तेवढ्याच प्रोटॉनांकडे एक वर्ष पाहिले तरी सरासरीने एक क्षय दिसायला हवा. कोलारमध्ये टाटा संस्थेने जपानमधल्या ओसाका आणि टोकियो इथल्या शास्त्रज्ञांबरोबर सुमारे २३०० मीटर खोलीवर उभारलेला शोधक १४० टनांचा होता: लोखंडाच्या पत्र्यांमध्ये वायूने भरलेल्या गणक-नळ्यांचे थरावर थर. १४० टनांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकावर ३१ शून्यांच्या आठपटीहून अधिक कण भरतात. एसयू-५ खरा असेल तर वर्षाला काही घटना घडायला हव्यात, हे साधे त्रैराशिक आहे. १९८० च्या अखेरीस हा शोधक सुरू झाला तेव्हा खास या कामासाठी उभारलेला तो जगातला पहिला मोठा शोधक होता.

ही मजल एकाएकी गाठलेली नव्हती. होमी भाभांच्या पाठिंब्याने बी. व्ही. श्रीकंठन यांनी कोलारमध्ये म्यूऑनांची मोजणी सुरू केली होती. पुढे एम. जी. के. मेनन, व्ही. एस. नरसिंहम आणि जपानचे साबुरो मियाके यांनी हे काम वाढवले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २७०० मीटर खोलीवर ठेवलेल्या गणकांत दोन महिने एकही म्यूऑन आला नाही. दुसऱ्या कोणी उपकरणे गुंडाळली असती. या मंडळींनी त्या कोऱ्या नोंदीतून निष्कर्ष काढला की इतक्या शांत जागी न्यूट्रिनोंची चाहूल लागू शकेल. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या आणि ओसाकाच्या शास्त्रज्ञांच्या सोबतीने त्यांनी वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही ते दिसले, आणि दोन्ही निष्कर्ष काही दिवसांच्या अंतराने छापून आले. रिकाम्या नोंदवहीचा अर्थ लावता येणे हीच या शास्त्रातली खरी कमाई, असे मी म्हणतो ते यामुळे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कोलारच्या गटाने १९८१ आणि १९८२ मध्ये प्रोटॉन क्षयाच्या वाटाव्यात अशा काही घटना प्रसिद्ध केल्या. थोड्याच काळात अमेरिकेत, क्लीव्हलंडजवळच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचा कितीतरी मोठा शोधक चालू झाला. १९८३ मध्ये त्याने सांगितले की अशी एकही खात्रीची घटना दिसत नाही. कोलारच्या घटना पुढे टिकल्या नाहीत. मग एवढ्या खटाटोपातून भारताला काय मिळाले, असा प्रश्न विचारला जातो.

उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागेल. पहिले, त्या घटना ‘संभाव्य’ म्हणूनच मांडल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या तपासणीची मुख्य अडचण कोणती, हे त्या गटाइतके जगात फार थोड्यांना ठाऊक होते. न्यूट्रिनो कितीही खडकातून आरपार येतात आणि लोखंडात त्यांची टक्कर झाली तर ती प्रोटॉनच्या क्षयासारखी दिसू शकते. १९६५ चा शोध हाच १९८१ चा अडथळा होता. लहान शोधकात मूठभर घटनांवरून हे दोन वेगळे काढणे फार अवघड, म्हणून मोठ्या शोधकाने त्याची परीक्षा करणे हा त्या निष्कर्षाचा अपमान नव्हे, तो त्याचा हक्क होता. दुसरे, प्रोटॉन मोडताना दिसला नाही यामुळे साधा एसयू-५ सिद्धांत कोसळला. इतका सुंदर, इतका मोहक सिद्धांत, आणि तो पडला तो शांत खाणींतल्या न घडलेल्या घटनांच्या मोजणीने. आज जपानच्या सुपर-कामिओकांडे शोधकाने प्रोटॉनच्या एका ठळक क्षयासाठी आयुष्याची खालची मर्यादा एकावर ३४ शून्यांच्या दुपटीपलीकडे नेली आहे. ज्याला नवा एकीकरण सिद्धांत मांडायचा आहे त्याला आधी या आकड्याला तोंड द्यावे लागते.

आणि अडथळा समजलेल्या न्यूट्रिनोंचे पुढे काय झाले? कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीत ३००० टन पाण्याचा शोधक प्रोटॉन क्षयासाठीच बांधला गेला होता. २३ फेब्रुवारी १९८७ ला त्याने आकाशगंगेशेजारच्या एका ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो पकडले. त्याच खाणीतल्या सुपर-कामिओकांडेने १९९८ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा तुटवडा मोजून ते एकमेकांत रूपांतरित होतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, हे सिद्ध केले. या कामांसाठी कोशिबा यांना २००२ मध्ये आणि काजिता यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. कोलारचा प्रयोग मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवावा लागला. सोने काढणे परवडेनासे झाले होते, खालच्या पातळ्या सोडून द्याव्या लागल्या, आणि २००१ मध्ये खाणीच बंद झाल्या. जपानने खाण राखली, प्रयोग मोठा केला. आपण विज्ञानाचे बिऱ्हाड खाणीच्या नफ्या-तोट्याला बांधून ठेवले, आणि ही खंत मला लपवावीशी वाटत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. या क्षेत्रात दर काही वर्षांनी ‘विसंगती’ सापडते, गाजावाजा होतो आणि मग ती विरते. बी नावाच्या कणांच्या क्षयात इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांना निसर्ग वेगळे वागवतो असा संकेत सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०२१ मध्ये दिला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने अधिक बारकाईने तपासल्यावर तो नाहीसा झाला. पण ज्यांनी संकेत दिला त्यांनीच तो मागे घेतला, हे या पद्धतीच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. बी-एस या कणाने दोन म्यूऑनांत मोडण्याचे भाकीत अब्जातून साडेतीनच्या आसपास. ही घटना शोधायला तीस वर्षे लागली, आणि २०१५ मध्ये सर्नचाच सीएमएस हा प्रयोग आणि एलएचसीबी यांनी मिळून ती प्रसिद्ध केली तेव्हा आकडा भाकिताशी जुळला. सीएमएसमध्ये टाटा संस्थेचा गट आहे. आकडा जुळला म्हणजे नवे काही मिळाले नाही, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात नव्या कणांच्या कितीतरी कल्पना त्या एका आकड्याने निकालात निघाल्या.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. तो भौतिकशास्त्राबाहेरचा असल्याने त्याला भौतिकशास्त्राच्या भाषेत उत्तर देऊन भागत नाही. जिथे धानाला भाव मिळवण्यासाठी झगडावे लागते, तिथे प्रोटॉनच्या आयुष्याची चिंता कशाला? आणि मोठे प्रकल्प म्हटले की भंडाऱ्याला स्वतःचा अनुभव आहे. पवनी तालुक्यात गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. वैनगंगेकाठच्या ज्या गावांनी जमिनी दिल्या त्यांना पुनर्वसनासाठी पुढे किती वर्षे झगडावे लागले हे इथे सांगायची गरज नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या बोडी टेकड्यांखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०१५ च्या आरंभी सुमारे १५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. कोलारचा वारसा तिथे पुढे जायचा होता. स्थानिक विरोध, पर्यावरणाची भीती आणि राज्य सरकारचा नकार यांत तो प्रकल्प अडकला. त्या विरोधातल्या काही समजुती चुकीच्या होत्या. न्यूट्रिनो आपल्या शरीरातून अब्जावधींच्या संख्येने आधीच जात असतात आणि काहीही करत नाहीत. पण पश्चिम घाटात बोगदा खणण्याबद्दलचे प्रश्न चुकीचे नव्हते, आणि लोकांना आधी विश्वासात घ्यायला हवे होते ही तक्रारही खरी होती. शास्त्रज्ञांनी अनिश्चितता मोजायची सवय प्रयोगशाळेपुरती ठेवली तर बाहेरच्यांनी त्यांच्यावर भरवसा का ठेवावा?

खर्चाच्या आक्षेपाला मी एवढेच म्हणेन की शेतकऱ्याचा पैसा आणि विज्ञानाचा पैसा यांत एकाचे कमी केल्याने दुसऱ्याला मिळते, असे प्रत्यक्षात कधी होत नाही. शिवाय दुर्मीळ क्षयांच्या शोधात कमी खर्चात मोलाचे काम करण्याची संधी इतर कुठल्याही आघाडीपेक्षा जास्त आहे. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल-२ या प्रयोगात बी कणांच्या क्षयांची मोजणी चालते. त्यातल्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा संस्थेच्या गटाने जुळवला आहे. २०२३ मध्ये याच प्रयोगाने बी कण केऑन आणि न दिसणाऱ्या दोन न्यूट्रिनोंत मोडण्याचा पहिला पुरावा दिला, आणि त्याचे प्रमाण भाकिताच्या चौपटीहून अधिक निघाले. हा फरक अजून निर्णायक नाही. तो उरेल की विरेल हे अधिक घटना जमल्यावर ठरेल. मुंबईतल्या टाटा संस्थेतच कथिलाच्या एका समस्थानिकात न्यूट्रिनो बाहेर न पडता होणारा दुहेरी बीटा क्षय शोधण्याची तयारीही झाली. तिथे कथिल निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करावे लागते.

भंडाऱ्यातल्या विद्यार्थ्याला यात शिरायला मुंबई किंवा जिनिव्हा गाठावे लागते, हा समजही आता जुना झाला. सर्नने नोव्हेंबर २०१४ पासून सीएमएससारख्या प्रयोगांच्या घटनांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. पदवीच्या वर्गातला विद्यार्थी साध्या संगणकावर दोन म्यूऑनांच्या ऊर्जा आणि दिशा घेऊन ते ज्या कणातून आले त्याचे वस्तुमान काढू शकतो. आलेख काढला की दुर्बळ बलाचा वाहक असलेल्या झेड कणाचा उंचवटा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याच आलेखात बी-एस कणाच्या जागी त्याला काहीच दिसणार नाही. तो तिथे का दिसत नाही, किती नोंदी असत्या तर दिसला असता, आणि मग ‘नाही’ हे किती खात्रीने म्हणायचे, हा हिशेब त्याने स्वतः मांडावा. त्यासाठी लागणारी संभाव्यतेची सूत्रे बी. एस्सी. च्या अभ्यासक्रमात आहेत, आणि कोलारच्या मंडळींनीही सुरुवात त्याच सूत्रांनी केली होती.